पुस्तक हवे की मोबाइल? बुद्धिबळ शिकणाऱ्या शहापूर-मुरबाडपुढचा पेच

नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये डी. गुकेश विश्वविजेता झाला होता, तर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये भारताने खुला आणि महिला अशा दोन्ही गटांत सुवर्णपदके पटकावली होती. अशा बातम्या आल्या की घरोघरी पट मांडले जातात. मुंबई-ठाण्यात त्यानंतरची पायरी ठरलेली असते. जवळचा वर्ग शोधायचा, शुल्क भरायचे आणि मुलाला प्रशिक्षकाच्या हाती सोपवायचे.

ठाणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत, ही पायरीच बऱ्याच ठिकाणी गायब आहे. तेथे मुलापुढे उरतात ती दोन साधने : इंग्रजी पुस्तक किंवा घरातला मोबाइल. यांतले कोणते निवडावे, हा प्रश्न शहरात आवडीचा असेल. येथे तो गरजेचा आहे. शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये बुद्धिबळाचा समावेश असून १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण असते. तालुक्यात पहिला आलेला विद्यार्थी जिल्ह्याच्या पातळीवर गेला की समोर ठाणे-कल्याणच्या वर्गांत तयार झालेले खेळाडू बसतात. त्या दोन पायऱ्यांमधले अंतर या मुलाला बहुधा एकट्याने, स्वतःच्या अभ्यासावर कापायचे असते. म्हणूनच अभ्यासाचे साधन चुकीचे निवडले तर वाया जाणारी दोन-तीन वर्षे त्याला परवडणारी नसतात.

आसनगावपासून धसईपर्यंत

हे दोन तालुके नकाशावर शेजारी असले तरी त्यांची स्थिती एकसारखी नाही. शहापूर तालुक्यातून मध्य रेल्वे जाते. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही स्थानके लोकलने मुंबईशी जोडलेली आहेत. कसारा घाट ओलांडला की नाशिक जिल्हा लागतो, आणि २०१३ मध्ये ग्रँडमास्टर झालेला विदित गुजराथी याच नाशिकचा. मुरबाडला मात्र अद्याप रेल्वे नाही. कल्याणहून माळशेजकडे जाणारा रस्ता हाच त्याचा आधार. सरळगाव, टोकावडे, धसई, म्हसा या बाजारगावांपलीकडच्या पाड्यांवर एस.टी. किंवा जीप मिळेल तेव्हा जायचे.

तानसा आणि भातसा या धरणांमुळे शहापूर तालुका मुंबईला पाणी पुरवतो. बुद्धिबळाच्या पुस्तकासाठी मात्र त्याला मुंबईकडेच पाहावे लागते. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचे. ग्रंथालयांची ही जुनी परंपरा रेल्वेमार्गावरील शहरांतच अधिक रुजली. तेथपर्यंत जाऊन पुस्तक आणायचे आणि पंधरवड्याने परत करायचे म्हटले तर शाळकरी मुलाचा एक दिवस आणि भाड्याचे पैसे खर्ची पडतात.

तंत्रज्ञानाच्या बाबतीत मात्र या भागाला मागास म्हणणे अन्यायाचे होईल. शहापूर तालुक्यातील पाष्टेपाडा येथील जिल्हा परिषदेची शाळा शिक्षक संदीप गुंड यांच्या प्रयत्नांतून राज्यातील डिजिटल शाळांसाठी आदर्श ठरली. मुरबाड तालुक्यातील धसई गाव नोटाबंदीनंतर, डिसेंबर २०१६ मध्ये, रोकडविरहित व्यवहारांचे गाव म्हणून देशभर गाजले. याच तालुक्यातील फांगणे गावात मार्च २०१६ मध्ये आजीबाईंची शाळा सुरू झाली आणि साठी-सत्तरी ओलांडलेल्या स्त्रिया पाटी-पेन्सिल घेऊन अक्षरे गिरवू लागल्या. एका गावात पडदा आणि दुसऱ्या गावात पाटी, दोन्हींनी लोक शिकले. बुद्धिबळातही वाद साधनाचा कमी आणि ते वापरायचे कसे याचा जास्त आहे, असे या खेळाचा इतिहास पाहिल्यावर वाटू लागते.

ओट्यावरचा खेळ आणि छापील खेळ

ग्रामीण भागात बुद्धिबळ मोबाइलबरोबर आले, असा समज असेल तर तो चुकीचा आहे. देवळाच्या ओट्यावर किंवा दुकानाच्या फळीवर डाव मांडणारी जुनी पिढी होतीच. पण तिचे नियम देशी. प्याद्याने पहिल्या चालीतही एकच घर पुढे जायचे, राजाला किल्लेकोटाऐवजी एकदा घोड्यासारखी उडी मिळायची, अशी ती पद्धत. आजोबांकडून खेळ शिकलेल्या मुलाला स्पर्धेच्या नियमांशी जुळवून घेताना अडखळायला होते ते यामुळे.

ही अडचण दोनशे वर्षांपूर्वीचीही आहे. १८१४ मध्ये मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या मूळ संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर छापले गेले. बुद्धिबळातील निवडक स्थितींचा हा संग्रह युरोपीय खेळपद्धतीला जुळवून घेतला असल्याचे त्याच्या शीर्षकातच म्हटले होते. नवे नियम शिकण्याचे साधन म्हणून छापील पुस्तक मुंबई परिसरात आले ते इतक्या लवकर.

पुस्तकाविना माणूस किती दूर जाऊ शकतो, याचे उत्तर मीर सुलतान खान यांनी दिले. पंजाबात देशी नियमांनी खेळ शिकलेले हे खेळाडू १९२९ मध्ये इंग्लंडला गेले आणि इंग्रजी पुस्तकांचा आधार जवळजवळ नसताना १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपदे जिंकून आले. डावाच्या सुरुवातीला ते कच्चे पडत आणि मधल्या व अंतिम टप्प्यात प्रतिस्पर्ध्याला भारी ठरत. फिडे या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०२४ मध्ये त्यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर किताब दिला. अर्थात सुलतान खान हा अपवाद होता. उलट टोकाला बॉबी फिशर उभा आहे. सोव्हिएत मासिकांतील डाव आणि टिपणे वाचता यावीत म्हणून तो अमेरिकन मुलगा रशियन वाचायला शिकला. पुस्तक दुसऱ्याच्या भाषेत असणे ही अडचण फक्त मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याचीच नाही.

पुस्तक घेताना काय पाहावे?

बुद्धिबळाचे पुस्तक विकत घेताना पालक बहुधा लेखकाचे नाव पाहतात. त्याआधी पाहायला हवी ती चाली लिहिण्याची पद्धत. जुन्या इंग्रजी पुस्तकांत, आणि रद्दीच्या दुकानांत किंवा पदपथावर स्वस्तात मिळतात ती बरीचशी जुनीच असतात, वर्णनात्मक पद्धत असते. तीत राजासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकले तर 'पी-के फोर' असे लिहितात. शिवाय पांढऱ्याच्या बाजूने जे चौथे घर तेच काळ्याच्या बाजूने पाचवे, म्हणजे एकाच घराला दोन नावे. आजची बीजगणितीय पद्धत प्रत्येक घराला एकच नाव देते. तीच चाल तीत नुसती 'ई४' होते. १९८१ पासून फिडेच्या स्पर्धांत ही एकच पद्धत मान्य आहे. मुलाने हौसेने आणलेले पुस्तक चार पानांत बंद केले, तर दोष त्याच्या बुद्धीचा नसून त्या 'पी-के फोर'चा असण्याची शक्यता मोठी असते.

इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या पुस्तकांनाही ही बाब लागू पडते. क्यूबाचे विश्वविजेते होजे राऊल कापाब्लांका यांचे १९२१ मधील 'चेस फंडामेंटल्स' प्रोजेक्ट गुटेनबर्गवर विनामूल्य आहे. सोप्या मातांपासून आणि मोजक्या मोहऱ्यांच्या स्थितींपासून सुरुवात करणारे हे पुस्तक आजही शिकणाऱ्याला उपयोगी आहे. पण तेथील प्रत जुन्या पद्धतीची. आर्थर नव्हे, अर्विंग चेर्नेव्ह यांचे १९५७ मधील 'लॉजिकल चेस : मूव्ह बाय मूव्ह' डावातील प्रत्येक चालीचे कारण सांगते; त्याची नवी, बीजगणितीय आवृत्ती मिळते आणि तीच घ्यावी.

भाषेच्या अडचणीवर एक नामी तोडगा मात्र पुस्तकांतच आहे. हंगेरीच्या तीन पोल्गार बहिणींचे वडील आणि शिक्षक लास्लो पोल्गार यांनी १९९४ मध्ये एक जाडजूड ग्रंथ काढला. त्यात ५३३४ स्थिती व डाव आहेत. त्यांपैकी ३०६ एका चालीत मात करण्याच्या, ३४१२ दोन चालींत मात करण्याच्या आणि ७४४ तीन चालींत मात करण्याच्या. मजकूर जवळजवळ नाहीच; पानामागून पान नुसते पट. इंग्रजीची भीती बाळगणाऱ्या सातवीतल्या विद्यार्थ्यालाही तो वापरता येतो आणि रोज पाच घेतले तरी ते जवळजवळ तीन वर्षे पुरतात. बॉबी फिशरच्या नावाने १९६६ मध्ये निघालेले पुस्तकही असेच, पटाखाली छोटा प्रश्न आणि पान उलटल्यावर उत्तर अशा रचनेचे. त्याचे इंग्रजी साधे आहे.

पुस्तकाचा खरा गुण त्याच्या मौनात आहे. उत्तर मागच्या पानावर असते, आणि ते पान उलटण्याआधी मुलाला दहा मिनिटे पटाकडे पाहत बसावे लागते. त्या दहा मिनिटांतच खेळ सुधारतो. स्वीडनचे अ‍ॅक्सेल स्मिथ आणि हान्स टिक्कानेन यांनी २०१८ च्या आपल्या पुस्तकात एक पद्धत मांडली. कोड्यांचा एकच संच पुन्हा पुन्हा, दर वेळी आधीपेक्षा कमी वेळात सोडवायचा, ही ती पद्धत. मोबाइल दर वेळी नवे कोडे देतो, जुने सहसा परत आणत नाही. घरात एकच पुस्तक असणे ही उणीव वाटते. या पद्धतीने पाहिले तर ती सोय ठरते.

मोबाइलने काय दिले?

असे असले तरी मोबाइलला नावे ठेवून चालणार नाही. तालुक्याच्या गावात बुद्धिबळाची सर्वांत मोठी टंचाई पुस्तकांची नसून प्रतिस्पर्ध्यांची असते. शाळेत चांगले खेळणारे चार जण, आणि त्यांना हरवून झाले की पुढे कोण? हा प्रश्न इंटरनेटने सोडवला. रात्री नऊ वाजता डोळखांबच्या मुलाला आपल्या ताकदीचा प्रतिस्पर्धी काही सेकंदांत मिळतो, मग तो ब्राझीलचा असो वा बार्शीचा.

यासाठी पैसे लागतातच असे नाही. २०१० मध्ये फ्रान्सच्या थिबो डुप्लेसी यांनी सुरू केलेले लिचेस हे संकेतस्थळ पूर्णपणे विनामूल्य असून त्यावर जाहिरातीही नसतात. लाखो कोडी, झालेल्या डावाचे संगणकीय विश्लेषण, आपल्याच चुका पुन्हा मांडून योग्य चाल शोधायला लावणारा विभाग, असे सारे तेथे आहे. चेस डॉट कॉम अधिक गजबजलेले आणि आकर्षक; मात्र विनाशुल्क सदस्याला कोडी आणि विश्लेषण यांवर मर्यादा असते. ज्या पाड्यावर रेंज येते-जाते तेथे संगणकाविरुद्धचा डाव इंटरनेटविना खेळता येणे हीसुद्धा मोठी सोय आहे. २०२० च्या टाळेबंदीत भारतात बुद्धिबळाच्या व्हिडिओंची जी लाट आली तिच्यामुळे हिंदीतून समजावून सांगणारे साहित्य भरपूर तयार झाले. मराठीत ते त्या मानाने तुटपुंजे आहे.

व्हिडिओचे एक वेगळेच दुखणे आहे. वीस मिनिटांचा व्हिडिओ पाहून झाला की सारे समजल्यासारखे वाटते. पटावर तीच स्थिती मांडून पुढची चाल विचारली की बोट थबकते. ऐकलेले आणि स्वतः शोधलेले यांत असा फरक असतो. व्हिडिओ थांबवून आधी स्वतःची चाल कागदावर लिहिणारा विद्यार्थी त्याच व्हिडिओचा पुस्तकासारखा उपयोग करून घेतो. पण थांबवण्याचे बटण किती मुले दाबतात, हा प्रश्नच आहे.

पालकांची काळजी आणखी वेगळी, आणि ती खोटी नाही. बुद्धिबळासाठी हातात दिलेला मोबाइल अर्ध्या तासात दुसऱ्याच कशाकडे वळतो. शिवाय बुद्धिबळातही एक-एक मिनिटाच्या झटपट डावांचे व्यसन लागते. शंभर डाव होतात, एकही लक्षात राहत नाही.

इंजिन 'काय' सांगते, 'का' नाही

विनामूल्य मिळणारे स्टॉकफिश हे इंजिन साध्या मोबाइलवरही जगज्जेत्यापेक्षा बलवान आहे. १९९७ मध्ये कास्पारोव्हला हरवणारा 'डीप ब्लू' एका खोलीत मावणारी यंत्रणा होती, हे आठवले की काळ किती बदलला ते ध्यानात येते. पण बलवान असणे निराळे आणि चांगला शिक्षक असणे निराळे.

एक साधी स्थिती घ्यावी. पांढऱ्याचा राजा 'ई५' वर, प्यादे 'ई४' वर. काळ्याचा एकटा राजा 'ई७' वर. पटावर एवढेच. चाल काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो. चाल पांढऱ्याची असेल तर काळ्याने नीट खेळल्यास डाव बरोबरीत सुटतो. चाल करावी लागणे हेच येथे संकट आहे. दोन राजे एका घराच्या अंतराने समोरासमोर उभे असताना ज्याला हलावे लागते तो वाट सोडतो. याला 'अपोझिशन' म्हणतात. इंजिन पहिल्या वेळी मोठा अधिक आकडा दाखवील, दुसऱ्या वेळी शून्य. एकूण सात मोहऱ्यांपर्यंतच्या सर्व स्थितींची अचूक उत्तरे तर २०१८ पासून संगणकीय तक्त्यांत तयारच आहेत आणि ती ऑनलाइन कोणालाही पाहता येतात. पण आकडा पाहून मुलाला 'का' कळत नाही. ते सांगायला परिच्छेदभर मजकूर लागतो, किंवा शेजारी बसलेला माणूस. पुस्तकांचे हे काम अजून तरी कोणी हिरावून घेतलेले नाही.

म्हणून झालेला डाव इंजिनाला दाखवण्याआधी स्वतः तपासावा. कोठे चुकले असे वाटते ते वहीत लिहावे आणि मग इंजिन लावावे. आपला अंदाज आणि यंत्राचे उत्तर यांत जो फरक पडतो, तोच पुढच्या आठवड्याचा अभ्यास. उलट क्रमाने केल्यास मुलगा मान डोलावतो आणि पुढच्या डावात तीच चूक करतो.

संशोधनातही याला पुष्टी देणारे काही सापडते. नील चार्नेस आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, खेळाडूची ताकद कशाशी सर्वाधिक जुळते याचा शोध घेतला होता. एकट्याने केलेल्या गंभीर अभ्यासाचे तास हा घटक त्यांना सर्वांत वजनदार आढळला. स्पर्धांतील सहभाग त्याच्या मागे राहिला. हा अभ्यास मोबाइलच्या लाटेआधीचा आहे, हे खरे. पण त्यातील 'गंभीर' हा शब्द पुस्तकाला आणि पडद्याला सारखाच लागू पडतो.

पडद्यावरून पटावर आल्यावर

केवळ मोबाइलवर शिकलेल्या मुलाची सर्वांत मोठी फजिती होते ती प्रत्यक्ष स्पर्धेत. त्याची कारणे खेळाच्या ताकदीत नसून सवयीत असतात. ती आधी कळली तर टाळता येतात, म्हणून ती सविस्तर पाहायला हवीत.

पडद्यावर नियमबाह्य चाल होतच नाही. मोहरा आपोआप जागेवर परत जातो. पटावर असा कोणी अडवणारा नाही. शहात असताना राजा तसाच ठेवून दुसरी चाल केली आणि घड्याळ दाबले, तर नेहमीच्या लांब वेळेच्या डावात प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटे जादा मिळतात. असे दुसऱ्यांदा झाले तर साधारणपणे डावच जातो. पडद्यावर मोहरा उचलून विचार बदलला तरी चालते. पटावर हात लावलेला मोहरा हलवावाच लागतो. किल्लेकोट करताना आधी राजालाच हात लावायचा असतो. आधी हत्तीला आणि मग राजाला हात लावला तर त्या चालीत त्या बाजूचा किल्लेकोट करता येत नाही. प्यादे शेवटच्या घरात पोचले की मोबाइल स्वतः वजीर आणून ठेवतो. स्पर्धेत वजीर जवळ नसेल तर घड्याळ थांबवून पंचांकडे मागायचा असतो. त्याऐवजी मुले हत्ती उलटा ठेवून त्याला वजीर समजतात. नियमाच्या दृष्टीने तो उलटा हत्तीही हत्तीच! तीच स्थिती तिसऱ्यांदा आली तर बरोबरीचा दावा खेळाडूला स्वतःलाच करावा लागतो, आणि तो करण्यासाठी चालींची नोंद हाताशी हवी.

ही नोंद हा तर आणखी मोठा विषय. लांब वेळेच्या डावात दोघांनाही प्रत्येक चाल कागदावर लिहावी लागते. पडद्यावर हजार डाव खेळलेल्या मुलाला 'घोडा एफ३' हे लिहिण्याची कधी वेळच आलेली नसते. तो घर शोधत बसतो आणि घड्याळ चालूच राहते. पुस्तकावरून डाव मांडत शिकलेल्या मुलाला मात्र हे आपोआप येते, कारण छापलेली प्रत्येक चाल वाचून त्याने ती हाताने केलेली असते. शिवाय सपाट चित्रावर सरावलेली नजर लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या उभ्या मोहऱ्यांवर पहिल्या काही डावांत फसते. लांबच्या कर्णावर दबा धरून बसलेला उंट दिसत नाही. खेळाच्या दालनात मोबाइल जवळ बाळगण्यास मनाई असते, हे वेगळे सांगायला नको. पण एकट्याने आलेल्या मुलाने तो ठेवायचा कोठे, याचा विचार पालकांनी आधी करावा.

आकड्यांबाबतही गैरसमज आहे. लिचेसवर नव्या खेळाडूची सुरुवात १५०० पासून होते. घरच्यांना वाटते की मुलाचे रेटिंग दीड हजार झाले. फिडेचे रेटिंग मात्र मान्यताप्राप्त स्पर्धांत प्रत्यक्ष पटावर खेळूनच मिळते आणि मार्च २०२४ पासून त्याची किमान पातळीच १४०० करण्यात आली आहे. हे दोन आकडे वेगवेगळ्या तराजूंवरचे. एकाची दुसऱ्याशी तुलना करून मुलाला शाबासकी देणे किंवा रागावणे, दोन्ही व्यर्थ.

मग निवड कशी करावी?

पहिला खर्च पुस्तकावरही नको आणि डेटा पॅकवरही नको. तो पट-मोहऱ्यांवर व्हावा, आणि पटाच्या कडेला 'ए' ते 'एच' ही अक्षरे व १ ते ८ हे आकडे छापलेले असावेत. गुंडाळता येणारा रेक्झिनचा पट त्यासाठी पुरेसा आहे. दुसरी खरेदी पटचित्रांनी भरलेल्या एका कोड्यांच्या पुस्तकाची. ते संपेपर्यंत दुसरे घेण्याची घाई करू नये. डावाच्या सुरुवातीच्या चालींवरची महागडी पुस्तके आणि तसले व्हिडिओ नवशिक्याला फारसे काही देत नाहीत. ते पाठ करणारी मुले दहाव्या चालीपर्यंत उत्तम खेळतात आणि अकराव्या चालीला घोडा फुकट देतात. त्यापेक्षा मोजक्या मोहऱ्यांचे शेवट शिकणे फायद्याचे. विश्वचषक जिंकल्यावर खुद्द दिव्या देशमुखनेही आपल्याला अंतिम टप्प्याचा खेळ अजून शिकायचा आहे, असे सांगितले होते.

मोबाइलचा वापर ठरावीक वेळी आणि ठरावीक कामासाठी असावा. आठवड्यातून दोन-तीन वेळा, निदान पंधरा मिनिटांचे डाव, मिनिटभराचे नव्हेत. डाव चालू असताना शेजारी खरा पट मांडून त्यावर चाली करत गेले आणि त्या वहीत लिहीत गेले, तर मघाशी सांगितलेली निम्मी फजिती टळते. ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि तो दिवसभर वडिलांबरोबर कामावर असतो, तेथे हे वेळापत्रक न आखताही पाळले जाते.

आश्रमशाळांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय शहापूरला असून या पट्ट्यात ठाकर, कातकरी, वारली, महादेव कोळी समाजांची मुले निवासी शाळांत शिकतात. त्यांच्या हाती स्वतःचा मोबाइल असेलच असे नाही. मात्र एकाच छताखाली संध्याकाळी रिकामी असणारी पन्नास-शंभर मुले, म्हणजेच शहरातील वर्गालाही न मिळणारे प्रतिस्पर्धी, तेथे हजर असतात. दहा पट, कोड्यांच्या पुस्तकाच्या दोन प्रती आणि फळ्यावर रोज एक स्थिती काढणारा एक शिक्षक एवढ्यावर तेथे बरेच काही उभे राहू शकते.

सांगलीचा अनुभव येथे आठवण्याजोगा आहे. महानगर नसलेल्या त्या गावात भाऊसाहेब पडसलगीकर यांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या माध्यमातून अनेक दशके स्पर्धा भरवल्या, मुले घडवली. पुढे पाच वेळा राष्ट्रीय विजेती ठरलेली भाग्यश्री साठे-ठिपसे त्याच सांगलीची. इंटरनेट नव्हते आणि पुस्तकेही मुबलक नव्हती. पण खेळायला जागा होती, समोर माणूस होता आणि चुकले तर सांगणारे कोणी होते.

शहापूर-मुरबाडमध्ये अशी जागा होण्याची शक्यता ग्रंथालयांत सर्वाधिक दिसते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. त्यानुसार शासनमान्य ग्रंथालयांना अ, ब, क, ड वर्गवारीनुसार अनुदान मिळते आणि त्यातून दरवर्षी पुस्तके घेतली जातात. या खरेदीत कथा-कादंबऱ्यांबरोबर बुद्धिबळाची चार पुस्तके मागण्याचा हक्क सभासद वाचकांना आहे. मागणीपत्रात पुस्तकाचे नाव, लेखक यांबरोबर 'बीजगणितीय पद्धतीची आवृत्ती' एवढे तीन शब्द लिहायला विसरू नये.